कारखान्यासाठी जागा घेताय? सांगली-मिरज परिसरात आधी झोन बघा, मग शेजार, मग दर

जागा बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा गुंठ्याचा दर विचारतो. मग रस्त्याची रुंदी, मग लाइट-पाणी. झोनचा, म्हणजे सरकारी आराखड्यात त्या जमिनीला ठरवून दिलेल्या वापराचा, विषय निघतो तो विसार देऊन झाल्यावर, आणि तोही बँकेच्या वकिलाने विचारला म्हणून. सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांत शेड टाकायला निघालेल्या बहुतेकांची गाडी याच क्रमाने जाते. फॅब्रिकेशन असो, हळदीचं पॉलिश असो, बेदाण्याचं शीतगृह असो किंवा छोटी फाउंड्री असो. सरकारी कार्यालयांच्या सगळ्या टेबलांवरून माझी फाइल फिरून आली आहे. कुठे काय विचारायचं आणि कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, ते इथे क्रमाने लिहितो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्यासारख्या मध्यम शहरात औद्योगिक जागेला खरा धोका नकाशावरच्या आजच्या रंगाचा नसतो. शेजारच्या गटात पुढच्या दहा वर्षांत काय उभं राहणार आणि त्यात कुणाचा पैसा अडकलेला असणार, यावर तुमचं भवितव्य ठरतं. हे आजचं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना मुळात बेळगावला होता. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि त्यांना तिथून हलावं लागलं. औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावचं नुकसान ते आपल्या जिल्ह्याचं भाग्य ठरलं, पण प्रत्येकाला औंधचे राजे भेटत नाहीत.

१. आधी आपला उद्योग कुठल्या वर्गात बसतो ते ठरवा

जागा शोधण्याआधी हे काम करा. प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगांची मुख्यतः लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा अशी वर्गवारी करतं. पांढऱ्या वर्गाला संमतीपत्र लागत नाही, नुसती माहिती कळवली की चालतं. बाकीच्यांना उभारणीची संमती आधी आणि चालवण्याची संमती नंतर घ्यावी लागते. इलेक्ट्रोप्लेटिंग लाल वर्गात येतं. फाउंड्रीचा वर्ग भट्टीच्या प्रकारावर आणि क्षमतेवर ठरतो.

लोक इथे चुकतात ते पुढच्या विस्ताराचा विचार न केल्यामुळे. आज दोन सीएनसी मशिनं आहेत म्हणून कुठलीही जागा चालेल असं वाटतं. तीन वर्षांनी गिऱ्हाईक म्हणतं, पावडर कोटिंगही तुम्हीच करून द्या. कोटिंगच्या आधी जॉब धुवायला रसायनं लागतात, त्याचं सांडपाणी निघतं आणि तुमचा वर्ग बदलतो. मग ज्या झोनमध्ये तुम्ही बसला आहात तिथे ते चालत नाही असं कळतं. म्हणून सल्लागाराकडे जाताना पाच वर्षांनी काय करायचं आहे तेही सांगा आणि त्या वर्गाला चालेल अशीच जागा बघा.

शिराळ्याच्या पश्चिम भागात जागा बघत असाल तर आणखी एक गोष्ट तपासायला हवी. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचनेत जिल्ह्यातली काही गावं आहेत. जुलै २०२४ मध्ये हा मसुदा पुन्हा प्रसिद्ध झाला. त्यात लाल वर्गातल्या नव्या उद्योगांवर बंदी प्रस्तावित आहे. गावाचं नाव यादीत आहे का, ते बघूनच पुढे जा. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि सागरेश्वर अभयारण्य यांच्या भोवतालच्या पट्ट्यालाही वेगळे नियम आहेत.

२. जागा नेमकी कुणाच्या अखत्यारीत आहे?

सांगली-मिरज रस्त्यावरून कुपवाडकडे वळलात की काही किलोमीटरच्या आत तुम्ही तीन वेगवेगळ्या नियोजन प्राधिकरणांच्या हद्दी ओलांडता आणि रस्त्यावर एकही पाटी नसते.

महापालिका हद्दीत विकास आराखडा आणि महापालिकेची नगररचना शाखा. सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र येऊन १९९८ मध्ये महापालिका झाली, त्यामुळे जुने नकाशे तिन्ही गावांचे वेगवेगळे सापडतात. विटा, तासगावसारख्या नगरपरिषदा आणि शिराळा, कडेगावसारख्या नगरपंचायती यांच्या हद्दीत त्यांचं कार्यालय. ग्रामीण भागात परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून, नगररचना विभागाच्या अभिप्रायावर. आणि एमआयडीसीच्या अधिसूचित क्षेत्रात एमआयडीसी स्वतःच विशेष नियोजन प्राधिकरण असते. तिथे महापालिकेच्या आराखड्यातला किंवा ग्रामीण भागासाठीच्या प्रादेशिक योजनेतला झोन चालत नाही.

डिसेंबर २०२० पासून राज्यात बहुतेक ठिकाणी एकच एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लोक तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. एमआयडीसीला मात्र तिची स्वतःची नियमावली आहे. वास्तुविशारदाला पहिलाच प्रश्न हा विचारा की या गटाला कुठली नियमावली लागते. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा वास्तुविशारद बघा.

३. झोन दाखला आणि भाग नकाशा हातात घ्या

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी आराखड्याची पीडीएफ, एजंटकडची रंग उडालेली झेरॉक्स आणि ‘इथं सगळं इंडस्ट्रियलच आहे’ हे तोंडी आश्वासन, या तिन्हींची किंमत सारखीच. नगररचना कार्यालयात अर्ज करा, सातबारा आणि गटाचा नकाशा जोडा, शुल्क भरा आणि झोन दाखला व भाग नकाशा दोन्ही घ्या. नुसता दाखला पुरत नाही. दाखल्यावर एक ओळ असते. नकाशावर तुमच्या गटातून जाणारा प्रस्तावित रस्ता दिसतो.

नकाशा हातात आला की या गोष्टी शोधा:

- अख्खा गट एकाच झोनमध्ये आहे की दोन झोनमध्ये कापला आहे? पुढचा निम्मा निवासी आणि मागचा निम्मा औद्योगिक असेल, तर तुमचा रस्ता निवासी भागातून जाणार.
- कुठलं आरक्षण आहे का? बगीचा, शाळा, ट्रक टर्मिनस, काहीही. आरक्षण व्यपगत होण्याची, म्हणजे आपोआप संपण्याची, तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ मध्ये आहे, पण ती आराखड्यापासून दहा वर्षं गेल्यावर, खरेदी सूचना (जमीन विकत घ्या, अशी प्राधिकरणाला दिलेली नोटीस) देऊन आणि त्यानंतर ठरलेली मुदत संपल्यावर. ‘आरक्षण उठणारच आहे’ म्हणून स्वस्तात मिळणारी जमीन घेऊ नका.
- प्रस्तावित रस्त्याची रुंदी किती? औद्योगिक इमारतीला लागणारी किमान रस्तारुंदी आज जागेवर आहे की फक्त नकाशावर?
- नाला, कालवा, रेल्वे, उच्चदाब वीजवाहिनी यांपासून किती अंतर सोडावं लागेल? मोठ्या रस्त्याकडेला जागा असेल तर इमारत रेषा (जिच्या पुढे रस्त्याकडे बांधता येत नाही ती रेषा) सोडल्यावर शेडला किती उरतं ते मोजा. रत्नागिरी-नागपूर महामार्गालगतच्या जागा दिसायला सुंदर आहेत, पण दर्शनी भागातला मोठा तुकडा हातातून जातो आणि महामार्गावरून थेट प्रवेशाची परवानगी वेगळी लागते.
- पूररेषा. यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

गट क्रमांक आणि जुना सर्व्हे क्रमांक यांत गोंधळ होऊ देऊ नका. एकत्रीकरण झालेल्या गावांत गट क्रमांक चालतो, शहरात सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक. आराखड्यावर जुना क्रमांक आणि सातबाऱ्यावर नवा असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातून जुळणीचा उतारा घ्या.

शेती झोनमधली जमीन लगेच बाद धरू नका. शेतमाल साठवणं आणि त्यावर प्रक्रिया करणं यासारखे काही वापर नियमावलीनुसार शेती झोनमध्येही अटींसह होऊ शकतात. हळद आणि बेदाणा करणाऱ्यांना इथे खरी संधी आहे. पण ‘अ‍ॅग्रो’ नाव देऊन इंजिनिअरिंगचं शेड घुसवायचा सल्ला कुणी दिला तर तो त्याच्याकडेच ठेवा. वीजजोडणी, कर्ज, संमतीपत्र, सगळीकडे खरा वापर लिहावा लागतो आणि कागद एकमेकांशी भांडायला लागतात.

४. ‘झोन बदलून देतो’ म्हणणाऱ्याला काय विचारायचं

सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मंजूर आराखड्यात झोन बदलायचा तर त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालची फेरबदलाची प्रक्रिया करावी लागते. महासभेचा ठराव, वर्तमानपत्रात आणि राजपत्रात सूचना, महिनाभर हरकती, सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे आणि अंतिम निर्णय मुंबईत. प्रादेशिक योजनेतल्या जमिनीसाठी कलम २०, आणि तिथेही अंतिम शब्द शासनाचाच. म्हणजे नगरसेवक ठराव करून देऊ शकतो, झोन बदलून देऊ शकत नाही. आमदारांच्या पत्रानेही झोन बदलत नाही; पत्राने फाइल हलते एवढंच. महापालिकेवर प्रशासक असेल तर महासभेचे अधिकार त्याच्याकडे असतात, त्यामुळे ठराव लवकर होतो. मुंबईचा टप्पा तसाच राहतो. त्यात आचारसंहिता लागली की फाइल जिथे असेल तिथे थांबते. आपल्याकडे लोकसभा, विधानसभा, महापालिका, झेडपी अशी एकामागून एक निवडणूक असते, हे वेळेच्या हिशेबात धरा.

म्हणून असं आश्वासन देणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. कुठल्या कलमाखाली? ठराव क्रमांक आणि तारीख काय? हरकतींची सूचना कुठल्या पेपरात, कधी आली? उत्तर ‘साहेबांशी बोलणं झालंय’ असं आलं तर चहा प्या आणि उठा.

आता दुसरी बाजू. तुम्ही शेती झोनमधून औद्योगिक झोनकडे जायला धडपडत असता, तेव्हा शहरातला पैसा बहुतेक वेळा उलट दिशेने चाललेला असतो. औद्योगिक जमिनीचा दर आणि निवासी प्लॉटचा दर यांत मोठं अंतर आहे. बंद पडलेली गिरणी, आजारी कारखाना, कोपऱ्यातली रिकामी औद्योगिक जागा, या सगळ्यांवर प्लॉटिंगवाल्यांची नजर असते. औद्योगिक झोनमध्ये अटींवर निवासी किंवा व्यापारी वापर करू देण्याची तरतूद नियमावलीतच आहे, त्यासाठी प्रत्येक वेळी कलम ३७ ची वाट धरावी लागत नाही. तुमच्या शेजारचा औद्योगिक गट उद्या अपार्टमेंट होऊ शकतो, तोही पूर्ण कायदेशीर मार्गाने.

आणि मतांचं गणित बघा. तुमच्याकडे चाळीस कामगार असतील. त्यांतले बरेचसे म्हैसाळ, बेडग, कवलापूर, बुधगाव अशा गावांतून येतात आणि मत तिकडेच देतात. तुमचं स्वतःचं घर विश्रामबागला. ज्या प्रभागात कारखाना आहे तिथे तुमचं एकही मत नाही. भिंतीपलीकडच्या नव्या कॉलनीत मात्र दोनशे मतं आहेत. नगरसेवक कुणाच्या बाजूने उभा राहणार, यावर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तुम्ही त्याच्या जागी असता तर वेगळं काय केलं असतं?

गुंठेवारीचंही, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीचंही, तेच. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये गुंठेवारीने वाढलेल्या वसाहती खूप आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमितीकरणाचा रस्ता खुला केला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वसाहतींना त्यात घेतलं. त्यामुळे शेजारची अनधिकृत घरं आज ना उद्या पाडली जातील, या भरवशावर कुणी जागा विकत असेल तर तो भरवसा पोकळ आहे. घरं राहतात. नळ येतो, रस्ता येतो, मग धुराची तक्रार येते.

५. शेजार वाचायला शिका

दिवसा एकदा, रात्री एकदा आणि रविवारी एकदा जागेवर जा. दिवसा ट्रक वळतो का ते कळतं, रात्री आवाज किती लांब जातो ते कळतं, रविवारी प्लॉट बघायला किती गाड्या येतात ते कळतं. फ्लेक्स वाचा. ‘एनए प्लॉट, बँक लोन उपलब्ध’ असा बोर्ड अर्ध्या किलोमीटरच्या आत दिसला तर त्या लेआउटचा नकाशा मागा. शाळा, मंगल कार्यालय, दवाखाना होणार आहे का, ते चहाच्या गाड्यावर विचारा. तिथली माहिती कार्यालयापेक्षा सहा महिने पुढे असते.

मग महाभूलेखवर शेजारच्या सगळ्या गटांचे सातबारे काढा. एका गटावर पंधरा-वीस नावं अलीकडच्या फेरफारांनी चढलेली दिसली तर तिथे तुकडे पडायला सुरुवात झाली आहे. एकच नाव तीन-चार गटांवर दिसलं तर कुणीतरी जमीन गोळा करतो आहे. तो कोण, हे शोधायला फार कष्ट पडत नाहीत. आपलं गाव लहान आहे.

‘आम्ही आधी आलो’ हा मुद्दा माणसांना पटतो, यंत्रणेला पटेलच असं नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे औद्योगिक क्षेत्रात मर्यादा दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, तर निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते ६. तुमची भिंत औद्योगिक झोनची शेवटची रेषा असेल तर पलीकडच्या माणसाला ४५ चा हक्क आहे आणि तुमच्या पॉवर प्रेसला तो कळत नाही. म्हणून झोनच्या कडेची जागा घेऊ नका. थोडा जास्त दर देऊन मधली घ्या. कडेचीच घ्यावी लागली तर प्रेस, कॉम्प्रेसर आणि जनरेटर वस्तीच्या विरुद्ध बाजूला ठेवणारा लेआउट पहिल्याच नकाशात काढून घ्या. मशिनं बसल्यावर ती हलत नाहीत.

६. पूर: इथे कागदापेक्षा भिंतीवरची खूण बघा

कृष्णेची इशारा पातळी आयर्विन पुलाजवळ ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या लक्षात आहेत. सांगलीत जागा विकणारा प्रत्येक जण ‘इथं पाणी येत नाही’ म्हणतो. त्याला २०१९ मध्ये कुठपर्यंत आलं होतं ते विचारा आणि शेजारच्या तीन घरांत जाऊन तेच विचारा. भिंतींवर अजून रेघा आहेत.

कागदावर दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई आहे, फक्त मोकळे वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच ठेवावी लागते. हा भरावाचा खर्च हिशेबात धरा, स्वस्त वाटणारी जागा तिथेच महाग होते. पूररेषेचा दाखला पाटबंधारे विभागाकडून लेखी घ्या.

दोन गोष्टी पूररेषेच्या नकाशात दिसत नाहीत. एक म्हणजे नाल्यातून उलटं येणारं पाणी. नदी फुगली की नाल्यांचं पाणी मागे सरतं आणि नदीपासून लांबच्या सखल भागात शिरतं. दुसरी म्हणजे रस्ता. तुमचं शेड कोरडं असेल, पण आठ दिवस ट्रक आला नाही तर ऑर्डर जाते. विमा घेताना पुराचं संरक्षण त्यात आहे ना, हे पॉलिसीत शब्दशः वाचा, आणि कच्चा माल व तयार माल दोन्ही त्यात आहेत का तेही.

जुने एजंट अजून नदीपासून अमुक किलोमीटरच्या आत कारखाना चालत नाही, असं सांगतात. ते जुन्या नदी नियमन क्षेत्राच्या धोरणाबद्दल बोलत असतात. ते धोरण राज्याने २०१५ मध्ये रद्द केलं. आता संमतीच्या अटी आणि पूररेषा बघायची.

७. जमिनीचे कागद

हा भाग वकिलाचा, म्हणून थोडक्यात. भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी अट असलेली जमीन), कुळकायद्याच्या कलम ४३ ची अट, इनाम किंवा वतन, देवस्थान यांतला एकही शब्द सातबाऱ्यावर दिसला की आधी परवानगी, मग पैसे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला त्याच कायद्याच्या कलम ६३ ची आडकाठी आहे. औद्योगिक झोनमधली जमीन खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी घेताना कलम ६३-१अ मधली सवलत मिळते, पण ठरलेल्या मुदतीत वापर सुरू करावा लागतो. ‘आत्ता घेऊन ठेवू, बघू नंतर’ याला ती सवलत नाही.

बिनशेतीचे (एनएचे) नियम उद्योगाच्या बाजूने वारंवार सैल झाले आहेत. औद्योगिक झोनमध्ये खऱ्या औद्योगिक वापरासाठी बिनशेतीच्या आगाऊ परवानगीची गरज नसते. याचा चुकीचा अर्थ लोक असा काढतात की काहीच लागत नाही. बांधकाम परवानगी लागतेच. ‘गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे, एनएचा प्रश्नच नाही’ हे वाक्यही तसंच फसवं आहे. त्या सवलतीनेही वापर झोनप्रमाणेच करावा लागतो. त्याने निवासी पट्ट्यात फाउंड्री बसत नाही.

मोजणी करून घ्या, ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या आणि हद्दीच्या खुणा शेजाऱ्यांसमक्ष दाखवून घ्या. वहिवाटीचा रस्ता सातबाऱ्यावर किंवा नोंदणीकृत दस्तात नसेल तर तो रस्ता नाही. भावकीचं भांडण मिटलं की पहिला बंद होतो तो तुमचा रस्ता.

८. एमआयडीसीचा प्लॉट घ्यावा का?

माझं मत: लाल किंवा नारिंगी वर्गातला उद्योग असेल आणि परवडत असेल तर डोळे झाकून हो. मिरज-कुपवाडला मिळत नसेल तर पलूस, कडेगाव, विटा, कवठेमहांकाळ, जत, शिराळा इकडे चौकशी करा. जमीन भाडेपट्ट्याची, साधारण ९५ वर्षांची. झोनची चिंता मिटते. पण बांधकाम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावं लागतं, नाहीतर मुदतवाढीचं शुल्क, हस्तांतराला शुल्क, पोटभाड्याला परवानगी आणि शुल्क. जुना प्लॉट दुसऱ्याकडून घेत असाल तर बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला आणि मंजूर नकाशा प्रत्यक्ष शेडशी ताडून पाहा. वाढीव पत्रे प्रत्येकाने टाकलेले असतात.

एमआयडीसीच्या बाहेर पण लगत जमीन घेताना ‘प्रकरण सहा लागू आहे का’ हा प्रश्न विसरू नका. १९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमाचं सहावं प्रकरण भूसंपादनाचं. ते लागू झालेल्या किंवा कलम ३२(२) ची नोटीस गेलेल्या गटात तुम्ही कारखाना नव्हे, संपादनाचा मोबदला विकत घेत असता.

आणि घोषणेवर जमीन घेऊ नका. कवठेमहांकाळजवळच्या रांजणीच्या ड्राय पोर्टची बातमी कित्येक वर्षं पेपरात येते आहे. बातमी आली की आजूबाजूचे दर वाढतात, बातमी थंडावली की घेणारा मिळत नाही.

९. परवानग्यांचा क्रम

उद्यम नोंदणी आधी करून टाका, ती ऑनलाइन आणि मोफत आहे. मग झोन दाखला व भाग नकाशा, उभारणीची संमती, बांधकाम परवानगी, अग्निशमनचं ना-हरकत, वीज. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात २० किंवा जास्त कामगार असतील तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून नकाशा मंजुरी आणि नोंदणी. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र आणि चालवण्याची संमती. बरेच अर्ज राज्याच्या ‘मैत्री’ एक खिडकीवरून होतात. अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात जा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा उद्योग मित्र समिती याचसाठी आहे. तिथे तोंडी बोलू नका, एका पानाचा अर्ज द्या: कुठला विभाग, कुठल्या तारखेपासून, कुठल्या मुद्द्यावर.

ग्रामीण भागात ग्रामपंचायतीला झोन ठरवायचा अधिकार नाही, पण ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला की प्रत्येक टेबलावर तो पुढे येतो. पायाभरणीच्या आधी सरपंच, उपसरपंच आणि विरोधी गटाचे एक-दोन जण, सगळ्यांना भेटा. फक्त सत्ताधाऱ्यांना भेटलात तर तुम्ही त्यांच्या पार्टीचे ठरता आणि पुढच्या निवडणुकीनंतर त्याची किंमत मोजता. गावातली किती मुलं कामावर घेणार याबद्दल जो आकडा सांगाल तो पाळता येईल असाच सांगा.

१०. कारखाना सुरू झाल्यावरही आराखड्यावर लक्ष ठेवा

आराखडा सुधारायला घेतला की सुरुवातीला नगररचना अधिनियमाच्या कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो. सर्वेक्षणाची माणसं फिरतात तेव्हा तुमचं शेड ‘औद्योगिक’ म्हणून नोंदलं गेलं का ते जाऊन बघा. तिथे ते ‘रिकामी जागा’ किंवा ‘गोडाऊन’ असं पडलं, तर नव्या आराखड्यात तुमच्या डोक्यावर निवासी रंग किंवा बगीच्याचं आरक्षण यायला वेळ लागत नाही.

प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर जाहिरातीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या. हरकत अशी लिहा: गट क्रमांक, क्षेत्र, बांधकाम परवानगीचा क्रमांक, संमतीपत्राचा क्रमांक, कामगारांची संख्या, प्रारूपात काय दाखवलं आहे, काय हवं आहे. भावनिक परिच्छेद नकोत. पोच घ्या, सुनावणीला स्वतः जा. आणि फक्त स्वतःच्या गटाचं बघू नका. शेजारी औद्योगिक पट्टा निवासी होत असेल तर त्याविरुद्धही हरकत द्या. ही हरकत उद्योजक संघटनेच्या लेटरहेडवर, वीस-पंचवीस सह्यांनी गेली तर जास्त वजन पडतं. ठराव, नकाशे मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहे: दहा रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत.

लागणारी कागदपत्रं

- सातबारा, ८अ, जुने फेरफार. शहरात मिळकत पत्रिका
- मोजणीची ‘क’ प्रत, गट नकाशा, रस्त्याचा पुरावा
- झोन दाखला, भाग नकाशा, पूररेषेचा दाखला
- टायटल सर्च रिपोर्ट
- उद्यम नोंदणी, पॅन, जीएसटी, भागीदारी पत्र किंवा कंपनीचे कागद
- प्रकल्प अहवाल, मशिनरीची यादी अश्वशक्तीसह, प्रक्रियेचा आराखडा, पाण्याचा हिशेब
- वास्तुविशारदाचे नकाशे, स्थापत्य अभियंत्याचा दाखला
- जागेचे चारही बाजूंचे तारीख दिसणारे फोटो, कारखाना उभारण्याआधीचे. पाच वर्षांनी तक्रार आली की शेजारी तेव्हा काय होतं हे दाखवायला हेच उपयोगी पडतात.

विसार देताना

साठेखतात ही अट लेखी घाला: झोन दाखला औद्योगिक न आल्यास, उभारणीची संमती नाकारल्यास किंवा पूररेषेमुळे बांधकाम परवानगी न मिळाल्यास व्यवहार रद्द आणि विसाराची पूर्ण रक्कम ठरावीक दिवसांत परत. जमीन मालक कुरकुरतो. एजंट जास्तच कुरकुरतो, कारण त्याचं कमिशन अडकतं. ज्याला आपल्या जमिनीची खात्री आहे तो थोडा वाद घालून सही करतो. विसार चेकनेच द्या, साठेखत नोंदवून घ्या आणि दाखले येईपर्यंत कुंपणाचा एकही खांब रोवू नका.